खुर्चीतले रविवार

आमच्या गावात तेव्हा माणसाचं चित्र तो गेल्यावरच निघत असे. जळगावातल्या कुठल्याही पेढीवर जा, गादीच्या मागे हार घातलेले आजोबा-पणजोबा तैलरंगात बसलेले असायचेच. फ्रेममध्ये गेला म्हणजे गेला, असा लोकांचा साधा हिशोब होता. त्यामुळे आमच्या आबांनी चार मित्रांना घेऊन चित्रकलेचं मंडळ काढलं आणि दर रविवारी जिवंत माणूस समोर बसवून त्याचं व्यक्तिचित्र काढायचं असं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण ही आली की बसायला कोणी तयारच होईना. कोपऱ्यावरच्या पेरूवाल्या म्हाताऱ्यानं लांबूनच हात जोडले. असोद्याहून माझे मामा आले होते, त्यांना आबांनी पोटभर जेवायला घातलं आणि मग हळूच विचारलं. मामांनी सुपारीसुद्धा न खाता चपला घातल्या आणि बस धरली. पुढे वर्षभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. शेवटी लोकांच्या दारात जाण्यापेक्षा घरातलंच माणूस बरं, म्हणून मंडळाच्या चिटणिसाची मुलगी बसली. ती मी. सातवीत होते.

एकदा बसले ती बसलेच. बारावी होईपर्यंत जवळजवळ दर रविवारची माझी सकाळ एका लाकडी खुर्चीत गेली. आबा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, सरळ माणूस, कोणावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. पण रविवारी सकाळी ते माझे वडील नसायचे. खुर्चीच्या पायांभोवती आणि माझ्या पावलांभोवती ते खडूनं रेघा ओढायचे, म्हणजे मधल्या सुट्टीत उठलं तरी परत नेमकं तिथंच बसता यावं. नजर कुठं ठेवायची तेही ठरलेलं, समोरच्या भिंतीवरचा पंख्याचा खटका. तो खटका मी इतका बघितलाय की आजही डोळे मिटले तर त्यावरचे चुन्याचे शिंतोडे मला मोजता येतील. हात मांडीवर, मान किंचित डावीकडे, आणि आबांचं एकच वाक्य, "निमा, हलू नको." नाकाला खाज आली तरी हलायचं नाही, माशी बसली तरी हलायचं नाही. बाकीच्या मुली रविवारी न्हाऊन अंगणात केस वाळवत बसायच्या, आणि मी गावातल्या पंधरा-वीस पुरुषांना माझं नाक मोजू द्यायची. हो, ते मोजायचे. एक डोळा मिटून, ब्रश समोर आडवा धरून. लग्नाच्या बाजारातसुद्धा माझं नाक कोणी इतकं पारखलं नाही.

मंडळाचं दालन म्हणजे भागचंदशेठच्या डाळीच्या गोदामावरचा हॉल. शेठजी मंडळाचे अध्यक्ष. त्यांना चित्रांतलं फार कळत होतं असं नाही, पण चित्र बघताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा हे मी पाहिलंय. हॉल त्यांनी फुकट दिला होता, अट एकच, दालनात मांसाहाराचं चित्रसुद्धा टांगायचं नाही. एका मुलानं बाजारातली कोंबडी रंगवून आणली तेव्हा ती कोंबडी विकायला ठेवलेली आहे की नुसती उभी आहे यावर कार्यकारिणीची बैठक भरली होती. खाली तूरडाळीची पोती चढायची-उतरायची, तिची पिवळी धूळ जिन्यानं वर यायची आणि ओल्या रंगावर बसायची. मंडळातल्या सगळ्यांच्या त्या काळातल्या चित्रांना एक पिवळसर झाक आहे. परवा कोणीतरी तिला खानदेशी उन्हाचा परिणाम म्हणून लिहिलं, ते वाचून मला हसू आलं. आणि रस्त्यापलीकडेच एसटी स्टँड. कंडक्टर दारात उभं राहून ओरडायचे, "एरंडोल-पारोळा-धुळे! धुळे, धुळे, धुळे!" ते खुर्चीत बसलं की स्पष्ट ऐकू यायचं.

आईला हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं. ती असोद्याच्या केळीवाल्या शेतकऱ्याची लेक. चित्र काढू नका असं ती म्हणाली नाही, नवऱ्याला तसं म्हणायची पद्धत नव्हती. पण पहिल्याच रविवारी दालनात माझे आठ-दहा चेहरे ओळीनं उभे केलेले बघून ती घाबरीघुबरी झाली. "अहो, इतके डोये एका पोरीच्या तोंडावर! नजर लागीन तिले. आन फोटूत बसवलं जितेपनीच!" दुसऱ्या रविवारी सगळे चहाला खाली गेले तेव्हा ती वर आली, आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि प्रत्येक चित्राच्या गालावर, कानाजवळ, तीट लावून गेली. त्या दिवशी पेन्सिलीची रेखाटनं होती म्हणून निभावलं. तरी मंडळात हलकल्लोळ झाला. एकानं राजीनामा लिहिला. मग आबांनीच तोड काढली, ज्यानं त्यानं आपलं चित्र पुरं झालं की स्वतःच कानाजवळ एक काळा ठिपका द्यायचा, म्हणजे आईला वर यायला नको. सुरुवातीला नाकं मुरडत देत होते, नंतर अंगवळणीच पडलं. त्या वर्षांतली माझी जेवढी चित्रं आहेत त्या सगळ्यांत माझ्या कानाजवळ तीट आहे. खऱ्या चेहऱ्यावर तीळसुद्धा नाही.

रविवारी सगळे चित्रकार आमच्याकडेच जेवायला. आईची बट्टी अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होती. पहाटे ती जाड दळलेल्या गव्हाचं पीठ मळायची, गोळे वाफवून घ्यायची, मग कापून तळायची. वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी, वर हिरव्या मिरचीचा ठसका. तळणीचा चुरचुर आवाज आणि आईच्या बांगड्यांचा आवाज एकात एक मिसळून यायचा. त्या जेवणावळीत माझी पाठ आणि मान इतकी आखडलेली असायची की वाढायला वाकवत नसे. चित्रकार मंडळी बोटं चाटत प्रकाश, छाया, त्वचेचा रंग असल्या गप्पा मारायची. त्वचा माझीच. मी त्यांच्या ताटात तूप वाढत असायची आणि एकालाही समोर वाढणारी तीच आहे हे लक्षात आल्याचं दिसायचं नाही. राग यायचा मला. खुर्चीचा, त्यांचा, आबांचा, सगळ्यांचा. पण आमच्या घरात राग ठेवायला जागा नव्हती, कोपरा न् कोपरा चित्रांनी भरला होता.

राग मी शाळेच्या मैदानावर काढायची. आमच्या खेळाच्या बाई, त्यांना सगळे सुशीलाबाई म्हणत, त्यांनी मला खो-खोत घेतलं. खो-खोतही बसावं लागतं, पण पाठीवर थाप पडून "खो" ऐकू आलं की उठून सुटायचं असतं. त्या सुटण्यासाठी मी जगत होते म्हटलं तरी चालेल. खांबाला वळसा घालून मी धावायला लागले की बाई शिट्टी वाजवायचं विसरायच्या. आंतरशालेय सामन्यात आमचा संघ जिंकला तेव्हा आबा आले नव्हते, कारण त्या दिवशी दालनात प्रदर्शन होतं आणि त्यात माझीच चार चित्रं होती. बारावीचा निकाल लागला तेव्हा सुशीलाबाई स्वतः घरी आल्या. आईनं दिलेला चहा पिऊन आबांना म्हणाल्या, "सर, धुळ्याला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. वसतिगृह आहे. ही पोरगी मैदानी चाचणीत पहिली येईल, माझा शब्द. दोन वर्षांत कुठल्याही शाळेत नोकरी." आबा हो म्हणाले. खरंच म्हणाले. आबांचा हो असाच असायचा, ब्रशवरचा रंग पुसता पुसता दिलेला.

चाचणी नेमकी रविवारी आली, दुपारी चारला. आणि त्याच रविवारी मुंबईचे एक मोठे चित्रकार जळगावात येणार होते, शेकडो लोकांसमोर व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक द्यायला. मंडळाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. जामनेर, भुसावळ, पार अमळनेरपासून चित्रकलेचे शिक्षक येणार होते. मॉडेल कोण, हा प्रश्नसुद्धा कोणाला पडला नाही. मी आबांना म्हटलं, माझी चाचणी आहे. ते म्हणाले, "अगं, सकाळी आठला सुरू करून अकराला संपतंय. मी स्वतः तुला बाराच्या गाडीत बसवतो, बरोबर येतो. मग तर झालं?" झालं. मी बुटांना आदल्या दिवशी पांढरा रंग लावून ठेवला. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली. "जाय तू. खेय चांगलं," ती म्हणाली. "घरी बसूनशानी कोनाचं भलं झालं व माय?" आईनं ते इतकं सहज म्हटलं की मी तिच्याकडे बघतच राहिले. सतरंजी, बट्टी आणि वरणात ती स्वतः किती वर्षं बसली होती, ते माझ्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं.

मुंबईचे सर गोड माणूस होते. उंच, पांढरे केस, बोलणं हळू. खुर्चीत बसवताना त्यांनी मला विचारलं, "कंटाळा येईल, चालेल ना?" इतक्या वर्षांत हे विचारणारे ते पहिलेच. हॉल खचाखच भरला होता, बायका एका बाजूला भिंतीशी, त्यांत आई. सरांचा हात बघत राहावा असा चालायचा. मला अर्थात दिसत नव्हता, मला खटका दिसत होता; पण लोकांच्या श्वासावरून कळत होतं. साडेदहाच्या सुमारास चेहरा जवळजवळ पुरा झाला. सर म्हणाले, चहा घेऊ, मग शेवटचे दोन-चार हात. सगळे उठले. मी पाय झटकून उभी राहिले आणि खिडकीशी गेले. समोर स्टँडवर धुळ्याची गाडी लागली होती. आता एवढंच, असं मी मनात म्हटलं.

मागून किंचाळी आली. आई चित्रासमोर उभी होती, पदर हातात, आणि त्या पदराला माझा गाल लागला होता. झालं होतं ते एवढंच. जळगावची सगळी मंडळी तीट देतात, या पाहुण्यांनी दिली नाही, विसरले असतील, आणि आज तर एवढा हॉलभर डोळे. म्हणून तिनं डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि लावलं. तैलरंग दिवस दिवस ओला असतो हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तीट लावायला ती वर आली होती ती एकदाच, आणि तेव्हा पेन्सिल होती. बोट घसरलं. काळा ओघळ ओठापर्यंत आला. तो पुसायला गेली पदरानं, तर अर्धा गाल आणि एक डोळा निघून आला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. "मले वाटलं इसरले आसतीन," ती पुटपुटत होती, "मले वाटलं इसरले आसतीन." आबा पांढरे पडले. त्यांना पाहुण्यांना तिटेबद्दल सांगायची लाज वाटली होती, हे मला नंतर कळलं.

सर मात्र हसले. "आईंची सुधारणा आहे, मान्य केली पाहिजे," असं म्हणून त्यांनी सुरीनं तो भाग खरवडून काढला. हॉल हसला. मग ते आबांना म्हणाले, काळजी करू नका, जेवून घेऊ, दुपारी दीड-दोन तास बसलो की पहिल्यापेक्षा चांगलं होईल. दुपारी. मी आबांकडे बघितलं. ते माझ्या जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "निमा, एवढा मोठा माणूस. त्यांना असं अर्धं चित्र टाकून पाठवायचं का? धुळं काय पळून जातंय? पुढच्या वर्षी जाऊ." मी म्हटलं, "आबा, तुम्ही म्हणाला होतात." ते म्हणाले, "हो गं, म्हणालो होतो." आणि जेवणाची व्यवस्था बघायला गेले. सुशीलाबाई धुळ्याच्या मैदानावर माझी वाट बघत होत्या. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, निरोप धाडायचा तरी कोणाबरोबर.

मला कितीदा विचारलंय लोकांनी, माझ्या सुनेनंसुद्धा, की उठून का नाही गेलात? स्टँड रस्त्यापलीकडे होता, दशम्या बांधलेल्या होत्या. मी तिला काय सांगू? सहा वर्षं दर रविवारी ज्या अंगाला न हलायला शिकवलं, ते त्या दिवशी एकदम कसं हलणार? आणि आई. ती जिन्याच्या पायरीवर डोक्यावर पदर ओढून बसली होती. मी उठून गेले असते तर सगळं तिच्यावर आलं असतं, की बाईनं चित्र नासवलं आणि पोरीनं कार्यक्रम. मी मुकाट्यानं खडूच्या रेघांत पाय ठेवले.

त्या दुपारी उन्हानं हॉल तापला होता. खाली हमाल झोपले होते, म्हणून डाळीचा आवाज नव्हता, त्यामुळे स्टँड आणखीच जवळ आला. बाराची गेली होती. मग एकची लागली. "पारोळा-धुळे, धुळे, धुळे!" दार आपटलं, घंटी वाजली, गेली. त्या गाडीनं निघाले असते तरी धावतपळत पोचले असते. पुढची लागली तेव्हा मला कळलं की आता कुठलीच गाडी माझी नाही. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात उचलला असता तर बैठक मोडली असती. मी खटक्याकडे बघत राहिले आणि खटका विरघळायला लागला.

"छान," सर अगदी हळू म्हणाले. "असंच राहू द्या. हलू नका."

मग त्यांचा हात एकदम भराभर चालायला लागला. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. जामनेरचे कोणी शिक्षक म्हणाले, "पाणी बघा, पाणी! दोन फटक्यांत काढलं." कोणी म्हणालं, उजेड कुठून घेतला बघा. भागचंदशेठ खुर्चीतून अर्धे उठले, "वाह, क्या बात है! मास्तर, डोळ्यात जिवंत पाणी आहे हो!" माणसं माना उंचावून कॅनव्हास बघत होती. एवढ्या माणसांत एक माणूस माझ्याकडे बघत होतं, ती आई, आणि ती मागे भिंतीशी तोंडात पदर कोंबून उभी होती. आबा पहिल्या रांगेत, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. मला त्यांचा चष्मा कोपऱ्यातून दिसत होता. तो चित्राकडे वळलेला होता.

ते चित्र आजही आहे. मंडळाची आता स्वतःची इमारत आहे, लिफ्ट आहे, शाळेच्या सहली येतात, खानदेशातल्या पोरांना चित्र म्हणजे फक्त कॅलेंडर नव्हे हे कळलं ते त्या मंडळामुळेच, आणि त्यासाठी मी आबांना मनापासून मान देते. पुढच्या वर्षी मात्र मी धुळ्याला गेले नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, जामनेरला, खताच्या दुकानवाल्यांकडे. मुलाकडच्यांनी मला आधी दालनातच पाहिली होती, भिंतीवर, त्यामुळे बघायचा कार्यक्रमही पाच मिनिटांत उरकला. नवरा चांगला निघाला. तरी सांगते, आजही सकाळी बाजार समितीच्या रस्त्यानं फिरताना मी जरा जोरात चालते, आणि बरोबरच्या बायका ओरडतात की निर्मलाताई, कुठं जायचंय तुम्हाला.

त्या दिवशी टाळ्या झाल्या, सत्कार झाले, शाल-नारळ झालं. मग सर आणि शेठजी जेवणाच्या उरलेल्या गप्पा मारत जिना उतरले, मंडळी पांगली. आई भांडी आवरायला घरी गेली. मी खुर्चीतच होते, दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, उभं राहता येत नव्हतं. हॉलमध्ये आबा आणि मी. संध्याकाळचं ऊन चित्रावर आलं होतं. आबा त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे होते, बराच वेळ. मग जवळ गेले, चष्मा वर केला, डोळ्यांच्या जागी अगदी नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. त्यांची पाठ ताठ झाली.

"निमा," ते माझ्याकडे न वळता म्हणाले, "तू रडत होतीस?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही समोर बसला होतात तेव्हा, आबा."

ते वळले. खूप दिवसांनी बघावं तसं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा एव्हाना कोरडा होता. त्यांना त्यात काही सापडलं नसावं, कारण थोड्या वेळानं ते परत चित्राकडे वळले आणि तिथंच बघत उभे राहिले.